मफिन काट्यानेच फोडावा

इंग्लिश मफिनबद्दल माझी काही ठाम मतं आहेत. ती मला कुणी विचारत नाही. घरात तर विषय निघायच्या आधीच बायको कपडे वाळत घालायला उठते आणि मुलगी कानात ते छोटे हेडफोन खुपसते. म्हणून आता लिहूनच काढतो, म्हणजे निदान माझं बोलणं मध्येच तुटणार नाही.

आधी एक गैरसमज दूर करतो. मफिन म्हटलं की आपल्याकडच्या लोकांच्या डोळ्यांसमोर कागदी वाटीत फुगलेला, डोक्यावर चॉकलेटचे दाणे मिरवणारा केक येतो. पुण्यातल्या माझ्या बहिणीला गेली तेवीस वर्षं वाटतंय की मी रोज सकाळी केक खातो. दर फोनला ती न चुकता माझ्या साखरेची चौकशी करते. मी खातो तो इंग्लिश मफिन. तळहाताएवढा गोल, दोन बोटं जाड, वरखाली चपटा, अंगावर मक्याचा रवा भुरभुरलेला. गोड अजिबात नाही. पावाच्या कुळातला म्हणता येईल, पण पावाला नसते अशी एक गोष्ट त्याच्याकडे असते, ती म्हणजे जाळी. घावनाला पडते, अनारशाला पडते, तशी जाळी. भाजलेल्या मफिनवर बटर लावलं की ते त्या जाळीत उतरतं आणि प्रत्येक घासाला थोडंथोडं तोंडात येतं. ज्याला जाळी नाही तो माझ्या लेखी मफिनच नाही, मग पाकिटावर काहीही छापलेलं असो.

हे वेड मला लागलं ते एका घरमालकीणबाईंमुळे. मी सिंगापूरला आलो तेव्हा पहिले सहा महिने एकटा होतो. बायको आणि तीन वर्षांची मुलगी चिंचवडला, आणि मी क्लेमेंटीत एका बाईंच्या फ्लॅटमधल्या भाड्याच्या खोलीत. करारात ‘लाइट कुकिंग’ला परवानगी होती. लाइट म्हणजे पोहे, उपमा, फार तर आमटीभात, अशी माझी समजूत. पहिल्याच शनिवारी मी हिंगाची फोडणी दिली आणि बाई खोलीतून धावत बाहेर आल्या. त्यांना वाटलं गॅस गळतोय. दिवसभर जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात गॅस गळत नाही ना, हे बघणाऱ्या माणसावर संध्याकाळी घरी हा आळ. त्यानंतर माझं लाइट कुकिंग किटली आणि टोस्टर एवढ्यावर आलं.

मग इमारतीखालच्या सुपरमार्केटात मला हे गोल पाव दिसले. मी त्यांना पावच समजलो. तीन आठवडे मी ते न भाजता, तसेच पाकिटातून काढून, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ले. भिजवलेल्या कणकेचा गोळा चावल्यासारखं लागायचं. पण इंग्रजांना असंच आवडत असेल, आपण कोण बोलणार, असं म्हणून मी गिळत राहिलो. एके सकाळी कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी एक वयस्कर चिनी ऑपरेटर बसला होता. माझा घास बघून त्याला राहवेना. त्याने माझ्या हातातला मफिन काढून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि मला विचारलं की तू आजारी आहेस का. मग गेटवर पास दाखवायची वेळ येईपर्यंत त्याने मला सगळं समजावलं. मफिन सुरीने कापायचा नाही. काट्याने कडेकडेने टोचत जायचं आणि मग दोन्ही हातांनी उकलायचा. सुरी फिरली की आतली जाळी दाबली जाते, काट्याने फोडला की आत खडबडीत राहतो आणि ती टोकं भाजल्यावर कुरकुरीत होतात. भाजायचा तोही दोनदा. त्या माणसाने पुढे दोन वर्षं मला कारखान्यातलंही बरंच शिकवलं, पण मी त्याला विसरत नाही तो काट्यासाठी.

आता दुकानांविषयी. आमच्या आवाक्यात चार प्रकारचे मफिन मिळतात. चारही मी वर्षानुवर्षं खाल्ले आहेत, तेव्हा जे बोलतो ते अनुभवाने.

पहिला सुपरमार्केटचा स्वतःचा. फिकट, गुळगुळीत, आजारातून उठल्यासारखा. जाळी इतकी बारीक की चष्मा लावून शोधावी लागते. शिवाय तो कारखान्यातच मधोमध कापून येतो. सकाळी उठून माणसाने करायचं एकच काम, तेही यंत्राने उरकून टाकलेलं. पाहुण्यांची लहान मुलं येणार असली की मी हा आणतो, कारण मुलं त्यावर जॅम थापतात आणि जॅमच्या खाली काय आहे याची त्यांना पर्वा नसते.

दुसरा निळ्या पाकिटातला, इथेच सिंगापुरात भाजलेला. हा माझा. चवीला किंचित आंबूस, जाळी ओबडधोबड, एका बाजूला भलं मोठं भोक तर दुसऱ्या बाजूला काहीच नाही, आणि दोनदा भाजला की कडा करकरीत. त्याच्या आंबूसपणावरून आमच्या घरात जुना वाद आहे. मी म्हणतो, आंबोळीला हवा असतो तसाच हा आंबूसपणा. बायको म्हणते, पाकिटावरची तारीख बघा.

तिसरा गव्हाच्या कोंड्याचा, तपकिरी पाकिटातला. हा बायकोचा. यात फायबर असतं. तो खाताना ती माझ्या ताटलीकडे ज्या नजरेने बघते, त्या नजरेने लोक सिग्नल तोडणाऱ्याकडे बघतात. चवीला मला तो भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा लागतो आणि हे मी तिला सांगितलेलं आहे.

चौथा परदेशातून गोठवून येतो आणि ऑर्चर्ड रोडवरच्या एका मॉलच्या तळघरातल्या दुकानात मिळतो. हा मुलीचा. उंचापुरा, घट्ट, जाळी अशी की खरोखर दाद द्यावी. खोड एवढीच की तो स्वतःला फार समजतो. पाकिटाच्या मागे त्याच्या आंबवणाचा इतिहास छापलेला आहे, कोणत्या गावात, कुणाच्या पणजोबांनी वगैरे. मफिनने इतकं बोलू नये.

पाचवाही एक असतो, मनुका आणि दालचिनी घातलेला. त्याच्याबद्दल मी बोलत नाही.

हे सगळे वाद रविवारी सकाळी होतात. मुलगी आता सव्वीस वर्षांची आहे, नोकरी करते. सोमवार ते शुक्रवार मी पहाटे बस गाठायला निघतो तेव्हा ती झोपलेली असते आणि ती ऑफिसातून घरी येते तेव्हा मी टीव्हीसमोर पेंगत असतो. शनिवार तिच्या मैत्रिणींचा. उरतो रविवार. साडेआठ वाजता ती पायजम्यात, केस पिंजारलेले, अशी टेबलाशी येऊन बसते. मी टोस्टरपाशी उभा असतो. आणि आमचं सुरू होतं. निळा की परदेशी, बटर किती, बटरवर लसणाची चटणी चालेल की काया. काया म्हणजे इथला नारळाच्या दुधाचा आणि अंड्याचा गोड जॅम, तो ती चटणीच्या शेजारी लावते आणि मला चक्कर येते. शेवटी ती इथल्या इंग्रजीतला ‘ला’ जोडून म्हणते, “बाबा, इट्स जस्ट ब्रेड ला.” त्यावर मी व्याख्यान देतो. आठवड्यातला हा एक तास माझा असतो. बाकीचे दिवस मी जुरोंग आयलंडला जातो ते या तासाच्या जोरावर, हे मी अजून तिला कधी सांगितलेलं नाही.

तर मध्यंतरी एका गुरुवारी ती कधी नव्हे ती लवकर घरी आली आणि जेवताना, आमटी वाढून घेता घेता म्हणाली की या रविवारी नाश्त्याला एक जण येणार आहे. तिने ते इतक्या सहज टाकलं की मी नुसतीच मान डोलावली आणि कोशिंबीर पुढे सरकवली. मग माझं लक्ष बायकोकडे गेलं. ती ताटातल्या भाताकडे फारच बारकाईने बघत होती. तुला हे माहीत होतं का, असं मी विचारलं. माहीत होतं. कधीपासून? दीड वर्ष. मुलगा इथलाच, चिनी घरातला, मुलीबरोबर युनिव्हर्सिटीत होता आणि आता एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, बोगद्यांच्या बांधकामावर इंजिनियर आहे, ही माहिती मला बायकोने दिली. मुलीने त्यात फक्त त्याची उंची दुरुस्त केली.

मी चांगलं, चांगलं, असं दोनदा म्हणालो. मुलगा कुठला, कोणाचा, याची मला चिंता नव्हती. तेवीस वर्षं या बेटावर काढल्यावर तेवढी अक्कल मला आली आहे. मला दिसत होता तो रविवार. आज हा येईल, उद्या ही जाईल. मग साडेआठ वाजता टोस्टरपाशी उभा राहून मी भांडायचं कुणाशी? बायको तर कोंडा खाते.

बायको म्हणाली, कांदेपोहे करूया. मुलगी घास हातात धरून थांबली. पोहे नकोत म्हणाली. पोहे केले की तो बघण्याचा कार्यक्रम होतो आणि तिला कार्यक्रम नको होता, साधा नाश्ता हवा होता. मी लगेच मफिन सुचवले. इतक्या लगेच की दोघींनी माझ्याकडे संशयाने पाहिलं.

“बाबा, प्रॉमिस कर,” मुलगी म्हणाली. “पगार विचारायचा नाही. आईवडील काय करतात ते विचारायचं नाही. पुढचा विचार काय, हे तर अजिबातच नाही. त्याची परीक्षा घ्यायची नाही.”

मी प्रॉमिस केलं. एकही प्रश्न विचारणार नाही, म्हणालो. आणि हात धुवायला उठेपर्यंत माझ्या डोक्यात संपूर्ण परीक्षा तयार झाली होती, एकही प्रश्न नसलेली. टेबलावर चारही प्रकारचे मफिन ठेवायचे. पाकिटं दाखवायची नाहीत. कुठला कोणाचा, ते सांगायचं नाही. आणि तो कुठला उचलतो, कसा फोडतो, किती बटर लावतो, ते नुसतं बघत बसायचं. सुपरमार्केटचा घेतला तर तो बेपर्वा. परदेशी घेतला तर मुलीने पढवून आणलेला. निळा घेतला तर प्रश्नच मिटला. तपकिरी कुणी आपणहून घेईल, ही शक्यता मी धरलीच नव्हती.

शनिवारी सकाळी बघतो तर आमच्या क्लेमेंटीत निळं पाकीट नाही. फळीवर जागा रिकामी. दुसऱ्या दुकानात नाही, तिसऱ्यात नाही. बसने दोन भाग पालथे घातल्यावर चौथ्या दुकानात दोन शेवटची पाकिटं मिळाली. तिथून ऑर्चर्डला तळघरात जाऊन परदेशी आणला. घरी येईपर्यंत शर्ट अंगाला चिकटला होता, पण मला इतका उत्साह आला होता की मी लिफ्टमध्ये शीळ घालत होतो.

दुपारी रंगीत तालीम. अडचण अशी की टोस्टरला खाचा दोनच, मफिन चार, प्रत्येकाचे दोन अर्धे, भाजायचे दोनदा, आणि प्रत्येकाला आच वेगळी. सुपरमार्केटचा बघता बघता करपतो, परदेशी लवकर तापतच नाही. चारही एकाच वेळी गरम टेबलावर यायला हवे होते, नाहीतर परीक्षा न्याय्य कशी होणार? मी मिनिटांचं वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं. बायकोने ते उभ्याउभ्या वाचलं.

“अहो, तुम्ही नाश्ता करताय की शटडाउन?” तिने विचारलं.

शटडाउन म्हणजे कारखाना बंद ठेवून करायची मोठी दुरुस्ती, तिला असंच मिनिटामिनिटाचं वेळापत्रक लागतं. माझ्याशी संसार करून तिला असले शब्द तोंडपाठ झाले आहेत. मी तिला म्हणालो की न फोडलेले तीन (सुपरमार्केटचा आधीच कापलेला येतो) आणि फोडून भाजलेले चार मफिन अशी दुहेरी मांडणी केली तर फोडणंही बघता येईल. ती कपडे वाळत घालायला गेली.

रविवारी साडेआठला मुलगी केस विंचरून, चांगला ड्रेस घालून बाहेर आली, तो माझा पहिला धक्का. पावणेनऊला बेल वाजली. मुलगा खरंच उंच होता. चपला दाराबाहेर काढून त्याने त्या नीट जोडीने ठेवल्या, आत आला, वाकून नमस्कार केला, आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे एक पाकीट धरलं. अंकलना इंग्लिश मफिन आवडतात असं ऐकलं, म्हणून मला स्वतःला जो सगळ्यात जास्त आवडतो तो आणलाय, असं तो म्हणाला.

मी पाकीट बघितलं. मनुका आणि दालचिनी.

मुलीने डोळे मिटून घेतले. बायकोने माझा दंड धरला. मी थँक्यू म्हणालो. आयुष्यात इतक्या कष्टाने मी कुणाचे आभार मानले नाहीत.

मग मी स्वयंपाकघरात जाऊन, वेळापत्रकाप्रमाणे सगळं भाजून, ट्रे घेऊन बाहेर आलो, आणि दारातच मला हसू फुटायला लागलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी चिंचवडच्या एका घरात मी असाच सोफ्यावर बसलो होतो आणि आत्ताची माझी बायको पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली होती. त्या पोह्यांत मीठ दोनदा पडलं होतं. मी दोन बशा संपवल्या, छान झालेत म्हणालो, आणि घरी जाऊन तांब्याभर पाणी प्यायलो. आता ट्रे माझ्या हातात होता, नजर खाली होती, कप एकमेकांवर किणकिणत होते, आणि सोफ्यावर बसलेल्या मुलाला आपण पसंत पडू की नाही, या काळजीने माझाच जीव खालीवर होत होता. डोक्यावर पदर तेवढा घ्यायचा राहिला होता.

मी ताटल्या मांडल्या. तुम्हाला यातला कुठला आवडतो, असं त्याने विचारलं. घ्या, एवढंच मी म्हणालो आणि समोर बसून बघायला लागलो. मुलीने एकदा चार ताटल्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तिच्या लक्षात आलं. तेवढ्यात त्याने न फोडलेला एक मफिन उचलला आणि दुसऱ्या हातात सुरी घेतली.

“अरे नको!” मी ओरडलो. मराठीत. आणि त्याचं मनगट धरलं.

त्याला वाटलं असणार की आमच्यात खाण्याआधी काहीतरी प्रार्थना असते, कारण त्याने सुरी खाली ठेवून हात जोडले. मुलगी दातओठ खात बाबा म्हणाली. मी त्याचं मनगट सोडलं, काटा दिला आणि मला जे बसमध्ये शिकवलं गेलं ते त्याला इंग्रजीत सांगायला लागलो. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. त्याने का, असं विचारलं. मी जाळीचं सांगितलं. त्याने मफिन फिरवत फिरवत कडेने काटा टोचला, उकलला, आणि अर्धा भाग खिडकीच्या उजेडात धरून डोळा लावून बघत राहिला. मग सुरीने एक कापून पाहिला आणि दोन्ही शेजारी ठेवून तुलना केली. बोगद्यांचं काम करतो, भोकांकडे गांभीर्याने बघायची त्याला सवय आहे. आमचं दोघांचं त्यानंतर दहा मिनिटं असं जमलं की मुलगी आणि बायको काय बोलत होत्या, ते मला आठवत नाही.

मग त्याने चारही खाल्ले. एकेक करून, मध्ये चहाचा घोट घेत. बायकोने त्याला विचारलं, कसे वाटले, खरं सांग. तिने विचारलं, मी नाही, हे मी आजही ठासून सांगतो. सुपरमार्केटचा नुसताच पाव आहे, तो म्हणाला. परदेशी चांगला आहे, पण चावून जबडा दुखतो. यावर मुलीने त्याच्याकडे ज्या तऱ्हेने पाहिलं त्यावरून मला कळलं की हे तिने त्याला पढवलेलं नाही. मग तो निळ्यावर आला. थोडा थांबला, आणि अतिशय अदबीने मला म्हणाला, “हा जरा आंबट लागतोय, अंकल. तारीख उलटून गेली असेल का?”

बायको इतकी हसली की तिला चहाचा ठसका लागला आणि तिला गॅलरीत जाऊन खोकावं लागलं. मुलगी टेबलावर डोकं टेकून हसत होती. सगळ्यात चांगला कुठला, तर तपकिरी. त्याला एक धान्याची चव आहे, असं तो म्हणाला. बायकोने खोकता खोकता आत येऊन उरलेलं सगळं पाकीट त्याच्यासमोर ठेवलं.

मला राग आला. खराच आला. माझ्या घरात बसून, माझ्या हातचा खाऊन, माझ्या तेवीस वर्षांच्या मफिनला हा शिळा म्हणतोय! पण रागातच मला ते चिंचवडचे पोहे आठवले. मी तेव्हा खारट पोह्यांना छान म्हणालो होतो. या मुलाला खोटं बोलायला काय झालं होतं? दोन शब्दांचं काम होतं, आणि त्याची गरज माझ्यापेक्षा कमी नव्हती. तरी तो खोटं बोलला नाही. हा आपल्या मुलीशीही असाच खरं बोलत असणार, असं मला वाटलं आणि एकदम बरं वाटायला लागलं. त्या बरं वाटण्याच्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं, मग आता पुढचा विचार काय?

मुलीचं हसू थांबलं. मुलाचा चेहरा मात्र उजळला. याच प्रश्नाची वाट बघत असल्यासारखा त्याने खिशातून फोन काढला आणि माझ्यापुढे एका फ्लॅटचा नकाशा धरला. आमचा नंबर लागलाय, अंकल, असं म्हणाला. नंबर कशाचा, हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला.

इथे सरकारी इमारत बांधायला घेण्याआधीच तिच्यातल्या फ्लॅटसाठी अर्ज मागवतात. जोडप्याने मिळून अर्ज करायचा, सोडत निघते, नंबर लागला की फ्लॅट निवडायचा, आणि किल्ली मिळाली की ठरलेल्या मुदतीत लग्न करावंच लागतं. त्यामुळे या बेटावर मुलगा मुलीला लग्नाचं विचारतो ते, आपण फ्लॅटला अर्ज करायचा का, अशा शब्दांत. ऑफिसातल्या तरुण मुलांकडून मी हे कितीदा तरी ऐकलं होतं आणि दर वेळी हसलो होतो. या दोघांचा अर्ज पाच महिन्यांपूर्वीच गेला होता. पुढच्या महिन्यात फ्लॅट निवडायचा होता, बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. मी इथे पहिलीच भेट समजून ट्रे फिरवत होतो, आणि माझ्या मुलीचं लग्न ठरल्याचं माझ्या आधी सरकारी कॉम्प्युटरला कळलेलं होतं.

आणखी भाजून आणतो, असं म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. टोस्टरमध्ये काहीच न घालता खटका खाली दाबला आणि लाल होत जाणाऱ्या तारांकडे बघत उभा राहिलो. मला रडू येत होतं. मुलगी मागून आली.

“रागावलास?” तिने विचारलं. “बाबा, तू त्याला भेटल्याशिवाय मी फ्लॅट निवडायला जाणार नव्हते. म्हणून तर आज बोलावलं.”

“रागावलो नाही गं,” मी म्हणालो. “तू गेलीस की मी रविवारी काय करू?”

टोस्टरचा खटका उडाला, आत काही नव्हतं. मग तिने दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले आणि लहान मुलाला समजवावं तसं मला सावकाश सांगितलं की इमारतीचा पायाही अजून खणलेला नाही. किल्ली हातात यायला चार वर्षं लागतील. लग्न किल्ली आल्यावर. तोपर्यंत ती इथेच, याच घरात, याच टेबलाशी.

“चार वर्षं मी कुठे जात नाहीये, बाबा. तोपर्यंत तूच कंटाळशील.”

वर्षाचे बावन्न. चार वर्षांचे दोनशे आठ. मी मनात गुणाकार दोनदा करून पाहिला आणि दोन्ही वेळा उत्तर तेच आलं. मला असा काही आनंद झाला की मी तिथेच, फ्रिजवर चिकटवलेल्या वेळापत्रकासमोर, एक गिरकी घेतली. मुलगी म्हणाली की बाहेर जाऊन हे करू नकोस.

मी बाहेर गेलो, त्या मुलाच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो, आणि तो नकाशा पुन्हा दाखवायला सांगितला. किती मजले, पाया कसला, जमीन कशी आहे, ते सगळं विचारून घेतलं. मग एका इंजिनियरने दुसऱ्याला विचारावं तशा सहज आवाजात विचारलं की असल्या मोठ्या कामांना कधीकधी उशीर होतो, असं म्हणतात, ते खरं का?

त्याचा चेहरा पडला. खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नाही. होतो, अंकल, तो म्हणाला. कधी सहा महिने, कधी वर्षभरसुद्धा. सॉरी.

बांधकामात घाई बरी नाही, असं मी त्याला म्हणालो, आणि त्याच्या ताटलीत आणखी एक मफिन वाढला.